निवृत्त पिस्तुलं

स्वित्झर्लंडच्या उत्तरेला, शाफहाउझेनजवळ, ऱ्हाइन नदी मोठ्या धबधब्याने खाली येते. काठावरच्या गावाचं नाव नॉयहाउझेन. धबधबा बघायला जगभरातून माणसं येतात, तुषार अंगावर घेतात, फोटो काढतात आणि परत जातात. याच गावात १८५३ मध्ये रेल्वेचे डबे बांधणारा एक कारखाना निघाला. पुढे त्याला सैन्याच्या बंदुकांचं कंत्राट मिळालं आणि डब्यांच्या जोडीने हत्यारं बनू लागली. ती कंपनी म्हणजे सिग. महायुद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, स्विस सैन्याने तिचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल स्वीकारलं. सैन्याच्या दप्तरी ते ‘पिस्तूल ४९’. बाजारात त्याला ‘पी २१०’ म्हणतात. जुनी लष्करी पिस्तुलं जमवणारे ज्याच्यासाठी जीव टाकतात, अशा मोजक्या पिस्तुलांत त्याचा नंबर फार वरचा आहे.

माझा मामा सत्तरच्या दशकात पिंपरीहून टूलरूम फिटर म्हणून या भागात आला आणि इथलाच झाला. १९४५ ते १९७५ या काळात युरोपातल्या सैन्यांनी आपल्या माणसांना दिलेली पिस्तुलं तो जमवतो. प्रत्येकाचा परवाना आहे, कुलपाचं पोलादी कपाट आहे, जाड नोंदवही आहे. मी झ्युरिकच्या एका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे बंदुका माझ्यापर्यंत पोचतात त्या वेगळ्या वाटेने. आमचा वाद जुना आहे. अनेक भेटींत तुकड्यातुकड्यांनी झालेलं बोलणं इथे सलग मांडते आहे. मामाने मजकूर वाचला, काही ठिकाणी स्वतःचं म्हणणं आणखी ठाम करून घेतलं आणि छापायला हरकत नाही म्हणाला.

मामा : तू नेहमी लांबूनच बघतेस. एकदा हातात तरी घे. मॅगझिन काढलंय, चेंबर तुझ्यासमोर उघडून दाखवलंय. पूर्ण रिकामं आहे.

मी : हातात घेतलं की आवडेल, त्याचीच मला भीती वाटते.

मामा : आवडू दे की! चांगलं काम आवडायला कसली भीती? हे बघ, स्लाइड मागे ओढ. काही खडखड जाणवली? कडेला जराही हालचाल? सत्तर वर्षं झाली याला. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड बॉडीला बाहेरून धरून बसते. इथे उलट आहे. स्लाइड बॉडीच्या आतून, खाचांना धरून, जवळजवळ पूर्ण लांबीभर धावते. त्यामुळे तिला इकडेतिकडे जायला जागाच नाही. बॉडी आणि स्लाइड दोन्ही अखंड पोलादातून कोरून काढलेल्या, आणि मग हाताने जुळवलेल्या. म्हणून बॉडी, स्लाइड, नळी, तिघांवर एकच क्रमांक. एकाची नळी दुसऱ्यात बसेल, चालेलही. पण ती या पिस्तुलाची नसेल.

खरं सांगायचं तर मी ते हातात घेतलं. स्लाइड मागे गेली ती तेलावरून सरकावी तशी, आणि पुढे आली तेव्हा एकच बारीक, भरीव आवाज झाला. वजन साधारण नऊशे ग्रॅम, पण मुठीत इतकं समतोल बसतं की जड वाटत नाही. मामाने मग स्लाइड अडकवणारी कळ काढून स्लाइड पुढे ओढून घेतली. घोडा, त्याची स्प्रिंग आणि खटक्याला जोडलेले भाग मिळून एक अख्खा गठ्ठा वरून उचलून टेबलावर ठेवला. आयुष्यभर कानस आणि गेज हाताळलेली बोटं किती थोड्या हालचालीत काम करतात, हे तेव्हा पाहण्यासारखं होतं.

मामा : हा जो गठ्ठा एकदम बाहेर येतो ना, ती शार्ल पेटरची कल्पना. माणूस स्विस, पण नोकरी अल्सासमधल्या फ्रेंच कंपनीत. त्याने फ्रेंच सैन्यासाठी १९३५ चं पिस्तूल केलं. सिगने १९३७ मध्ये त्याच्या रचनेचा परवाना घेतला आणि युद्धाची सगळी वर्षं त्यावर काम केलं. चहूबाजूंनी युद्ध पेटलेलं आणि इथे नॉयहाउझेनला हे लोक प्रायोगिक पिस्तुलं बनवून तपासत बसलेले. तेव्हा स्विस सैन्याकडे पॅराबेलम होतं, ज्याला लोक लुगर म्हणतात. ते जगात सगळ्यांत आधी स्वीकारलं स्विस सैन्यानेच, १९०० साली. पण त्याची घडण फार किचकट आणि खर्चिक. म्हणून बदल हवा होता.

मी : आणि मग डेन्मार्कने घेतलं.

मामा : लगेच, त्याच साली. डॅनिश सैन्याचं एम ४९ म्हणजे हेच. पश्चिम जर्मनीच्या सीमा दलाने पन्नाशीच्या सुरुवातीला पाच हजारांच्या आसपास घेतली. ती आज मिळणं मुश्किल. मिळालं तर किंमत ऐकून घरी यायचं.

मी : मला इथेच अडतं. ते दुर्मीळ का, तर एका दलाने तेवढीच मागवली म्हणून. कारकुनाने मागणीपत्रावर एक शून्य जास्त लिहिलं असतं, तर तेच पिस्तूल तुला साधं वाटलं असतं. मग तू नक्की काय जमवतोस? वस्तू की तिचा तुटवडा?

मामा : तुटवडा जमवणारे आहेत. लिलावात भेटतात. त्यांना पिस्तूल उघडता येत नाही, फक्त भाव पाठ असतो. मी फरक जमवतो. सुरुवातीची पिस्तुलं बघ, आरशासारखी पॉलिश, लाकडी मूठ. नंतरची वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेली, मूठ काळ्या प्लास्टिकची. काम तेच, अचूकता तीच, पण दिखाऊ मजुरी गेली. हा बदल कधी झाला, कुठल्या क्रमांकापासून झाला, एकदम झाला की हळूहळू, हे एका पिस्तुलावरून कळत नाही. संग्रहालयात एकच ठेवतात, काचेमागे, मोजकी ओळ लिहून. त्यांना तेवढंच पुरतं. पण कारखान्यात प्रत्यक्ष काय घडलं ते शोधायला शंभर नमुने लागतात आणि ते शंभर माझ्यासारख्यांच्या कपाटांत विखुरलेले असतात. आम्ही एकमेकांना क्रमांक कळवतो, नोंदी जुळवतो. सरकारी इतिहासकार हे करत बसणार नाही.

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी मामाजवळ कबूलही केला. जुन्या हत्यारांबद्दलचं बरंचसं बारीक ज्ञान अशा खाजगी वह्यांतूनच जमलेलं आहे. मामाच्या वहीत प्रत्येक पिस्तुलाला दोन पानं आहेत. क्रमांक, ठसे, मुठीचा प्रकार, मॅगझिनवरच्या खुणा, कुणाकडून घेतलं, केव्हा, किती फ्रँकला. ‘पुन्हा रंगवलेलं आहे का’ असा एक रकाना आहे आणि त्यावर मामा तासभर बोलू शकतो. जुन्या पिस्तुलाला कुणी नव्याने घासून काळं केलं, की ठशातले अंक बसतात, त्यांच्या कडा बोथट होतात. स्क्रूच्या भोकांचे काठ आत ओढल्यासारखे दिसतात आणि सपाट बाजूवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ न पडता लाटेसारखं पडतं. बफिंगचं चाक खोटं बोलत नाही, असं तो म्हणतो. तो स्वतः कधीही कुठल्या पिस्तुलाला पॉलिश लावत नाही. गंज थांबवायचा, बाकी आहे तसं ठेवायचं.

मी : पण ती झीज कुणाची आहे, मामा? मुठीच्या कडेचा रंग उडाला, तो कुणाच्या तरी तळहाताने. तू पोलाद वाचतोस. हात वाचत नाहीस.

मामा : मी स्विस जमवतो त्याचं कारणच ते आहे. या सैन्याने लढाई केलेली नाही. याच्या झिजेत चामड्याचं म्यान आहे, सराव आहे, दरवर्षीची नेमबाजी आहे. पलीकडे रक्त नाही.

मी : कपाटात फक्त स्विस नाहीत.

मामा : नाहीत. कारण एकट्या स्वित्झर्लंडवरून तो काळ कळत नाही. युद्ध संपलं तेव्हा प्रत्येक देशापुढे प्रश्न होता की आता सैनिकाच्या कमरेला काय द्यायचं. वॉल्थरचा जुना कारखाना होता थुरिंगियात, त्सेला-मेलिस गावी. तो भाग रशियनांच्या ताब्यात गेला. वॉल्थर मंडळी पश्चिमेला गेली, उल्मला नव्याने सुरुवात केली, आणि १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचं सैन्य पुन्हा उभं राहिल्यावर त्याला दिलं काय, तर तेच युद्धातलं पी ३८, फक्त बॉडी ॲल्युमिनियमची. पुढे त्याचं नाव पी १ झालं. आणि त्सेला-मेलिसच्या शेजारीच झूल. तिथे पूर्व जर्मनीने रशियन माकारोव बनवायला घेतलं. एकाच डोंगरातले कारागीर, एकाच परंपरेतले, आणि दोन सैन्यांची दोन पिस्तुलं समोरासमोर! चेकोस्लोव्हाकियाने १९५२ चं मॉडेल स्वतःच्या डोक्याने केलं, रोलरचं कुलूप घालून, पण काडतूस मात्र रशियन ७.६२ घ्यावं लागलं. पिस्तूल त्यांचं, गोळी मॉस्कोची. हे सगळं पुस्तकात वाचता येतं. पण ते वजन हातात आलं की वेगळं समजतं.

मामा असा बोलायला लागला की मला तो शाळेतल्या उत्तम मास्तरांसारखा वाटतो, आणि मग विरोध करणं जड जातं. तरीही वरच्या फळीवरच्या त्या एका पिस्तुलाचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. रंग मळकट राखाडी, मूठ पत्र्याची, एका बाजूला बारीकसा पाच टोकांचा तारा. स्लाइडवर ठसा आहे ‘एसव्हीडब्ल्यू ४६’.

मी : याचं सांग. हे कुठलं?

मामा : तुला माहीत आहे.

मी : वाचणाऱ्यांना माहीत नाही.

मामा : एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच फौजा ओबर्नडॉर्फला पोचल्या. तिथे माउझरचा कारखाना. यंत्रं जागेवर, सुटे भाग पडलेले, कामगार गावातच. फ्रेंचांना पिस्तुलं हवीच होती. त्यांनी तोच कारखाना चालू ठेवला आणि १९४६ पर्यंत पी ३८ बनवून घेतलं. एसव्हीडब्ल्यू हा माउझरचा युद्धातला सांकेतिक ठसा, तो तसाच राहिला. काहींच्या आतल्या भागांवर आधीच्या राजवटीचे गरुडही राहून गेले. वर फ्रेंचांचा तारा. इंग्रजी बोलणारे संग्राहक त्याला राखाडी भूत म्हणतात.

मी : आणि ती पिस्तुलं गेली कुठे?

मामा : बरीचशी इंडोचायनात.

मी : म्हणजे व्हिएतनामच्या माणसांवर रोखली गेली. स्वतः नुकताच पारतंत्र्यातून सुटलेला देश, शत्रूच्या कारखान्यातलं हत्यार घेऊन दुसऱ्याला पारतंत्र्यात ठेवायला निघाला. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला हरला तेव्हा थांबला. मामा, तू म्हणतोस पलीकडे रक्त नाही. इथे आहे.

मामा : असेल. नसेलही. सगळीच काही इंडोचायनात गेली नाहीत. याच्या बाबतीत मला माहीत नाही. वहीत तसंच लिहिलंय.

मी : वहीत क्रमांक आहे ना?

मामा : आहे.

मी : मला लहानपणापासून एकाच पिस्तुलाचा क्रमांक पाठ आहे. ६०६८२४. बेरेटा, इटालियन सैन्याचं १९३४ चं मॉडेल. ३० जानेवारी १९४८, बिर्ला हाउस.

मामा : ...मला नको सांगूस. सातारा जिल्ह्यातलं आपलं घर गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो. तुझ्या आजीने मरेपर्यंत पिस्तूल हा शब्द घरात उच्चारू दिला नाही.

मी : ते पिस्तूल कुणी उद्या विकायला काढलं तर घेशील?

मामा : हात लावणार नाही. हवी तेवढी किंमत कमी केली तरी नाही.

मी : मग राखाडीत आणि त्यात फरक काय? एकाच्या गोळीने गेलेल्या माणसाचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. दुसऱ्याच्या गोळीने कुणी गेलं असेल, तर त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. एवढाच ना?

मामा : हो. एवढाच.

मी : आणि तेवढ्यावर एक अस्पृश्य आणि दुसरं फळीवर?

मामा : तू म्हणतेस ते मला टोचतं, नाही टोचत असं नाही. पण माझं उत्तर ऐक. ते फळीवर आहे म्हणून तर आपण इंडोचायनाबद्दल बोलतोय. वितळवलं असतं तर त्या कारखान्याची, त्या ताऱ्याची, त्या गरुडाची गोष्टच नाहीशी झाली असती. फ्रान्सला ती गोष्ट मिरवायची नाही आणि जर्मनीलाही नाही. पुरावा कुणाच्या तरी घरात राहायला हवा. मी त्याला सजवत नाही. मखमलीवर ठेवत नाही. वहीत ‘कुणाच्या हातात होतं’ असा रकाना आहे. तो मी रिकामा सोडत नाही, ‘अज्ञात’ लिहितो. कुणी नाव घेऊन आला तर भरीन.

पुरावा म्हणून हत्यार जपणं मला पटतं. संग्राहकाला भोगवादी ठरवून मोकळं होणारी जी टीका होते ती मला उथळ वाटते, कारण ती करणाऱ्यांनी अशी वही उघडून पाहिलेली नसते. माझी खरी हरकत निराळी आहे आणि ती या घरावर आहे.

मी : आता तुझ्या निर्मळ स्विस पिस्तुलांकडे येऊ. त्यांनी कुणाला मारलं नाही म्हणालास.

मामा : युद्धात नाही.

मी : युद्धात नाही. घरात. या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा आत्महत्यांचा आहे. इथे शिपाई बंदूक घरी घेऊन येतो, अधिकारी पिस्तूल घेऊन येतो, आणि सेवा संपली की थोडे पैसे भरून ते स्वतःचं करून घेतो.

मामा : फुकट कुणाच्या हातात देत नाहीत. आता त्यासाठी खरेदीचा परवाना लागतो. आणि तशा पिस्तुलावर ‘पी’ ठोकतात, खाजगी झालं म्हणून. माझ्याकडच्या निम्म्यांवर तो ‘पी’ आहे. तो ठसा म्हणजे नागरिकावर टाकलेला विश्वास आहे. पुण्यात राहिलो असतो तर नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला बंदच, आणि २०१९ पासून तर परवान्यावर दोनच हत्यारं. हे कपाट तिथे झालंच नसतं.

मी : आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

मामा : तुझा विश्वास नाही माणसावर.

मी : माझा माणसावर पूर्ण विश्वास आहे. त्याच्या वाईट रात्रीवर नाही. ऐक. २००३-०४ मध्ये स्विस सैन्याची फेररचना झाली, संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. साहजिकच तितक्या घरांतून सरकारी बंदूक कमी झाली. त्यानंतर १८ ते ४३ वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या कमी झाल्या आणि त्यातल्या थोड्यांनीच दुसरा मार्ग शोधला, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. लोकांना वाटतं, ज्याला मरायचं तो मरतोच. तसं नसतं. ती लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं. लाट ओसरली की तोच माणूस पुढे वर्षानुवर्षं जगतो, नातवंडं खेळवतो. मी अशा माणसांना रोज भेटते.

मामा : म्हणून तर घरी ठेवायची सीलबंद गोळी सरकारने २००७ मध्ये परत घ्यायचं ठरवलं. मला ते पटलं होतं.

मी : पण २०११ च्या मतदानात तू विरोधात गेलास.

मामा : गेलो. सैन्याची हत्यारं घरातून काढून शस्त्रागारात ठेवा, असा तो प्रस्ताव होता. ५६ टक्के विरोधात होते, त्यातला मी एक. आजही तसंच मत देईन. दुबळ्या क्षणाचा नियम सगळ्या देशाच्या सगळ्या दिवसांना लावायचा का? मग कड्यावर जाणाऱ्या वाटा बंद करा.

मी : काही पुलांवर इथे जाळ्या बसवल्या आहेत, मामा. आणि त्यांनी माणसं वाचली आहेत.

इथे तो थोडा वेळ वही चाळत बसला. मला जे विचारायचं होतं ते मी बरेच महिने टाळत होते. रुग्णाला मी हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारते. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे हे मला पुरतं माहीत आहे. तरी घरच्या माणसाला विचारताना जीभ अडते.

मी : मामी गेल्यापासून तू एकटा आहेस. वय पंचाहत्तरच्या पुढे. या देशात ज्यांच्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ते हेच, एकटे राहणारे म्हातारे पुरुष, घरात हत्यार असलेले. तुझ्या मनात कधी तसं येतं का?

मामा : ...आलं होतं. मामी गेली त्या हिवाळ्यात. एकदा कपाट उघडलं. तेल द्यायला म्हणून. तेल द्यायचा दिवस नव्हता तो.

मी : मग?

मामा : घरात काडतूस नव्हतं. मी क्लबमध्ये विकत घेतो, तिथेच संपवतो, घरी आणत नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. कपाट बंद केलं, शेजारच्या म्हातारीकडे जाऊन कॉफी प्यायलो. तुला फोन करणार होतो. केला नाही.

मी : पुढच्या वेळी कर. कितीही वाजले असू देत.

मामा : करीन.

पुढचं बोलणं आम्ही त्याच दिवशी केलं नाही. मामाचे डॉक्टर कोण, रात्री झोप लागते का, गावातल्या मराठी मंडळींकडे तो गणपतीला जातो का, हे सगळं आधी झालं. ते इथे लिहीत नाही. पिस्तुलांचा विषय त्यानेच पुन्हा काढला, काही आठवड्यांनी, आणि थेट भांडणाच्या सुरात.

मामा : तू म्हणशील निष्क्रिय करून घे. युरोपात २०१५ नंतर त्याचे नियम आले आहेत. नळीत वेल्डिंग, स्लाइडला काप, आत भराव. एकदा केलं की परत नाही. जी स्लाइड तू हातात धरलीस, ती पुन्हा कधी धावणार नाही. मग ते पिस्तूल नाही, पिस्तुलाच्या आकाराचा लोखंडाचा गोळा. आणि त्याबरोबर मापंही गेली. उद्या कुणाला त्या खाचांचा टॉलरन्स मोजायचा असेल तर?

मी : मी निष्क्रिय करायला सांगत नाहीये.

मामा : मग?

मी : फायरिंग पिना काढ. सगळ्यांच्या. मला दे. त्या माझ्याकडे झ्युरिकला राहतील. पिस्तुलं इथे, अखंड, एक ओरखडाही न पडता. तुला हवं तेव्हा उघड, मोज, नोंदी कर, मित्रांना दाखव. नेमबाजीला जायचं असेल त्या दिवशी मला सांग, मी एक पिन घेऊन येईन, क्लबमध्ये बसेन, संध्याकाळी परत नेईन.

मामा : तू क्लबमध्ये येशील?

मी : येईन.

मामा : कायद्याने अडचण नाही. पिस्तुलात बॉडी, स्लाइड आणि नळी हे मुख्य भाग धरतात, पिन त्यात येत नाही. पण दुसऱ्या कुणी नवी पिन आणून बसवली तर?

मी : चोराचा बंदोबस्त मी करत नाहीये. त्याला तुझं पोलादी कपाट आहे. मी फक्त एका रात्रीचा विचार करतेय.

मामाने याला लगेच हो म्हटलं नाही. त्याच्या हरकती फिटरच्या होत्या आणि रास्त होत्या. पिना एकमेकींत मिसळल्या तर कुठली कुठल्या पिस्तुलाची हे कळणार नाही, आणि मूळ पिन हरवली तर वहीतलं ‘सर्व भाग मूळचे’ हे वाक्य खोटं पडेल. मग त्याने लहान लहान घरांची एक लाकडी पेटी केली, प्रत्येक घरावर क्रमांक कोरले. त्या कामाला त्याने मन लावून वेळ दिला, आणि मला वाटतं, त्या दिवसांत तो बराच मोकळा झाला.

वारसाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. माझं म्हणणं, स्विस पिस्तुलं आणि वही एकत्रच कुठेतरी जावी, तुकडे करून विकली जाऊ नयेत. थूनला स्विस सैन्याचं ऐतिहासिक साहित्य जपणारी संस्था आहे. मामाला तिथलं काम ठाऊक आहे, पण एवढी सगळी एकसारखी पिस्तुलं कुणी घेईल का याची त्याला खात्री नाही. एकसारखी नाहीत, हेच तर त्याच्या वहीचं सगळं सार! पण ते वही उघडून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि गोदामात जागा मागणाऱ्याला वही वाचून घेण्याइतका वेळ मिळेल का, ही त्याची धास्ती खरी आहे. पुष्कळ संग्राहक गेल्यावर घरचे लोक एक तर पोलिसांकडे सगळं जमा करतात किंवा लिलावात काढतात. तिथे क्रमांक सुटे होतात, आणि क्रमांक सुटे झाले की अभ्यास संपला.

मी : पत्र तर लिही. मी जर्मन तपासून देते.

मामा : लिहीन. आधी वही नीट उतरवून घेतो. काही पानांवरचं माझं अक्षर मलाच लागत नाही, आणि निम्मं मराठीत आहे.

मी : मराठीतलं मी उतरवून देते. आणि राखाडीचं काय? ते थूनला कसं जाईल? ते स्विस नाही.

मामा : ते नाहीच जाणार.

मी : मला विचारशील तर...

मामा : तू वितळवायला देशील, ठाऊक आहे मला. म्हणून ते तुझ्या नावावर करणार नाही.

मी : मग कुणाच्या?

मामा : अजून ठरलेलं नाही. तोवर त्याची पिन तू घेऊन जा. सातव्या घरात आहे. पेटी खिडकीजवळ ठेवू नकोस, झ्युरिकला तळ्याची दमट हवा असते, आणि दर सहा महिन्यांनी तेलाचा बोळा फिरव.